टॅटू काढायचाय? मग घाई नको



मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, इंदूरला प्रॅक्टिस करते. आमच्या रिसेप्शनवरची मुलगी मराठी आहे. फोनवर कुणी मराठीत म्हणालं, "टॅटू काढायचाय," की ती लगेच विचारते, "काढायचाय म्हणजे करून घ्यायचाय, की घालवायचाय?" कारण आपल्या भाषेत रांगोळीही काढतात आणि कपड्यावरचा डागही काढतात. हिंदीत बोलणाऱ्या पेशंटला हा प्रश्न विचारावा लागत नाही. तो 'बनवाना' म्हणतो नाही तर 'हटवाना' म्हणतो. आपल्याकडे मात्र दोन्हीला एकच शब्द. त्यामुळे काही लोकांना वाटतं की दोन्ही कामं सारखीच असतील. तासाभरात काढला, तर तासाभरात काढता येईल.

मला आज त्याबद्दलच बोलायचंय.

आधी एक प्रश्न. इथे किती जणांच्या अंगावर टॅटू आहे? हात वर करा. छान, बरेच आहेत. आता दुसरा प्रश्न. त्यातल्या किती जणांनी आज मुद्दाम पूर्ण बाह्यांचे कपडे घातलेत? याला हात वर करू नका. फक्त मनात उत्तर द्या.

टॅटूचा पश्चात्ताप ही आजकालच्या पोरांची भानगड आहे, असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. माझ्या आजीच्या हनुवटीवर एक ठिपका होता आणि उजव्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवत झोपायचे. बाकी सगळे दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं तिच्या पिढीतल्या बायका म्हणायच्या. मी डॉक्टर झाले, क्लिनिकमध्ये लेझर मशीन आणलं. आजी ते बघायला आली. सगळं बघून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "काय गं, हे तुझ्या मशीननं जाईल का?" आणि हात पुढे केला.

मी हसले. म्हटलं, "आजी, किती छान दिसतं ते! कशाला काढतेस?"

ती म्हणाली, "तुला छान दिसतं. मी आठ वर्षांची होते. दोघींनी धरून ठेवलं होतं मला. मला कुठे कुणी विचारलं होतं?"

तोवर मी शेकडो पेशंट तपासले होते. पण माझ्याच घरातल्या बाईला सत्तर वर्षं जे वाटत होतं, ते मला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी एक नियम केला. टॅटू घालवायला आलेल्या माणसाला "का केलास?" असं विचारायचं नाही. "कशासाठी घालवायचाय?" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नानं माणूस खाली मान घालतो. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर उपचार ठरतात.

येतं कोण? सगळ्यात जास्त येतात ती नावं. ज्याचं नाव आहे तो माणूस आयुष्यातून गेलेला असतो, नाव तेवढं राहिलेलं असतं. मग येतात फसलेले टॅटू: स्पेलिंग चुकलेलं, चेहरा बिघडलेला, यात्रेत पाच मिनिटांत उरकलेला. काही जणींनी भुवया कायमच्या रंगवून घेतलेल्या असतात आणि तो रंग आता वेगळाच दिसायला लागलेला असतो. आणि चौथे, ज्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, ते म्हणजे भरतीची तयारी करणारी मुलं.

आमच्याकडे महूची छावणी जवळ आहे. धार, झाबुआ, खरगोनकडची पोरं पहाटे चारला उठून धावतात. लेखी परीक्षा पास होतात, धावण्यात पास होतात आणि मेडिकलला हातावरच्या टॅटूपाशी अडतात. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचे याबाबतचे नियम स्पष्ट आहेत. धार्मिक चिन्ह किंवा नाव चालतं. ते डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपर ते मनगट या भागात, किंवा पंजाच्या पाठीवर असावं लागतं. आकार त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा कमी असावा लागतो. डावाच हात का? कारण उजव्या हातानं सलाम करतात. लष्कराचे नियम थोडे वेगळे आहेत. तिथे आदिवासी समाजाच्या परंपरेतल्या गोंदणाचा वेगळा विचार होतो. पण एवढं वाचायच्या आधीच यात्रेत सुई टोचलेली असते. तुमच्या घरात कुणी तयारी करत असेल तर त्या वर्षीची जाहिरात त्याला नीट वाचायला लावा, आणि टॅटू करण्याआधी लावा.

असाच एक मुलगा आला होता. एकोणीस वर्षांचा. उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत सिंह. शारीरिक चाचणीला सहा आठवडे उरले होते. पण तो माझ्याकडे पहिल्यांदा आलाच नव्हता. आधी त्यानं बाजारातून 'टॅटू रिमूव्हर' म्हणून एक बाटली आणली होती. रात्री ती हातावर लावली, आग झाली तरी दात-ओठ खाऊन सहन केली. सकाळी कातडं सुटलं. माझ्यापुढे बसला तेव्हा हातावर ओली जखम होती आणि जखमेच्या तळाशी सिंह तसाच होता.

तो तसाच का होता, हे समजून घेऊया. म्हणजे अशा बाटल्या तुम्ही स्वतःहून फेकून द्याल.

आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर साधारण महिनाभरात बदलतो. शाई त्या थरात असती तर टॅटू आपोआप गेला असता. सुई ती शाई खालच्या थरात सोडते, डर्मिसमध्ये. तिथे आपल्या शरीराच्या पहारेकरी पेशी असतात, मॅक्रोफेज. बाहेरून काही आलं की गिळायचं, हे त्यांचं काम. त्या शाईचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग ते पोटात घेऊन तिथेच बसून राहतात. २०१८ साली फ्रान्समधल्या मार्से इथल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की अशी पेशी मेली की तिच्यातली शाई बाहेर पडते आणि शेजारची नवी पेशी तीच शाई पुन्हा गिळते. म्हणजे पहारेकरी बदलतात, कैदी तोच राहतो. त्यामुळे टॅटू पन्नास वर्षं टिकतो.

आता सांगा, वरून लावलेलं क्रीम तिथपर्यंत कसं पोचणार? एक तर ते पोचत नाही, म्हणजे पैसे वाया. किंवा ते ॲसिड असतं, वरची कातडी जाळत जाळत पोचतं, म्हणजे वण. मिठानं घासणं, दगडानं घासणं, चुना लावणं, सगळ्याचं तेच. सहाव्या शतकातल्या ग्रीक वैद्यकीय ग्रंथातही गोंदण घालवायच्या अशा कृती सापडतात. म्हणजे पश्चात्तापही जुना आणि कातडी सोलायची घाईही जुनी. दीड हजार वर्षांत कातडी मात्र बदललेली नाही.

मग लेझर काय वेगळं करतं? ते कातडी जाळत नाही, शाईचे कण फोडतं. क्यू-स्विच्ड लेझरचा एक झोत काही नॅनोसेकंद टिकतो. नॅनोसेकंद म्हणजे एका सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्या क्षणात शाईचा कण तापतो आणि तडकतो. आजूबाजूच्या कातडीला तापायला वेळच मिळत नाही. पिकोसेकंद लेझरचा झोत त्याहूनही कमी वेळाचा असतो. मोठ्या दगडाची अशी खडी झाली की पुढचं काम मशीनचं नाही, शरीराचं. पेशी ते बारीक कण उचलतात आणि लसिकावाहिन्यांतून हळूहळू वाहून नेतात. या हमालीला आठवडे लागतात. म्हणून दोन सेशनमध्ये निदान सहा ते आठ आठवडे ठेवतात. पेशंट म्हणतात, "मॅडम, तुम्ही पैशासाठी लांबवता." नाही हो. त्या दोन महिन्यांत मी काहीच करत नसते, तुमचं शरीर काम करत असतं.

किती सेशन लागतील? हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. २००९ साली अमेरिकेत यासाठी एक मोजमाप मांडलं गेलं, किर्बी-देसाई स्केल. त्यात सहा गोष्टी बघतात: तुमच्या कातडीचा रंग, टॅटू शरीरावर कुठे आहे, शाई किती आहे, रंग कोणते आहेत, टॅटूवर टॅटू केलाय का आणि आधीचा वण आहे का. हृदयापासून जितका लांब, तितका वेळ जास्त. खांद्यावरचा लवकर फिका पडतो, घोट्यावरचा रेंगाळतो. यात्रेतला साधा काळा टॅटू कधी चार-पाच सेशनमध्ये जातो. पार्लरमध्ये दाट शाईनं केलेल्याला आठ-दहा, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे वर्ष, दीड वर्ष. आणि खर्च बहुतेक वेळा टॅटू करण्याच्या कितीतरी पट.

रंगांचं पण ऐका. काळी शाई सगळ्यात सोपी, कारण ती सगळा प्रकाश शोषते. लाल रंगाला वेगळी तरंगलांबी लागते, हिरव्या-निळ्याला वेगळी. पिवळा फार हट्टी. पांढऱ्या आणि कातडीच्या रंगाच्या शाईला तर मी लगेच हातच लावत नाही. भुवया, ओठ यांच्या शाईत टायटॅनियम किंवा लोहाची ऑक्साइडं असतात, आणि लेझर लागल्यावर ती शाई उलट काळी पडू शकते. आधी एका छोट्या ठिपक्यावर करून बघावं लागतं. टॅटूच्या लाल भागाला खाज येत असेल, तो सुजत असेल, तर ती ॲलर्जी असू शकते. ते डॉक्टरला आधी सांगा, कारण तिथे लेझर मारलं तर त्रास वाढू शकतो.

आणि आपली कातडी. आपण सावळे लोक आहोत. मेलॅनिन हासुद्धा एक रंगच आहे आणि लेझरला तो दिसतो. म्हणून आपल्या कातडीवर १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर सगळ्यात सुरक्षित मानतात. ते खोल जातं आणि मेलॅनिन त्यातलं कमी शोषतं. कमी शोषतं, पण शोषतं. ताकद जास्त झाली की कातडीचा रंग जातो.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी मी चुकले. ती गोष्ट सांगते.

सव्वीस वर्षांची एक मुलगी आली. मनगटाच्या वर इंग्रजीत पाच अक्षरं, एक नाव. लग्न चार महिन्यांवर. होणाऱ्या नवऱ्याला सगळं माहीत होतं, त्याची काही हरकत नव्हती. ती म्हणाली, "पण मेंदीच्या दिवशी त्याच्या घरच्या सगळ्या बायका माझा हात धरून बसतील. मला तिथे मान खाली घालायची नाही." मी सांगितलं, चार महिन्यांत पूर्ण जाणार नाही. ती रडली. तिची आई म्हणाली, "डॉक्टर, काहीतरी करा ना, मुलीचा प्रश्न आहे."

आणि मी काहीतरी केलं. आठ आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांनी बोलावलं. दर वेळी ताकद थोडी वाढवली. तिसऱ्या सेशननंतर मोठे फोड आले. चौथ्याच्या वेळी मी थांबायला हवं होतं. समोर ती मायलेकींची जोडी बसली होती, लग्नाची तारीख होती. मी थांबले नाही.

खपल्या पडल्या. काळी शाई जवळजवळ गेली होती. आणि तिच्या जागी, त्याच पाच अक्षरांत, कातडी पांढरी झाली होती. काळं नाव गेलं आणि पांढरं नाव आलं. लांबूनही वाचता येत होतं.

ती काही बोलली नाही. तिनं दुसऱ्या हाताचा अंगठा त्या अक्षरांवर ठेवला. मी त्या दिवशी तिला म्हटलं, "चूक माझी आहे. तू घाईत होतीस, ते स्वाभाविक होतं. मी घाईत असायला नको होतं." लग्नात ती जागा मेकअपनं झाकली, मेंदी थोडी वर घेतली. तो रंग परत यायला दीड वर्ष लागलं. बराचसा आला. दोन अक्षरांच्या कडा अजूनही उन्हात दिसतात. या कार्यक्रमात हे सांगू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "सांगा. फक्त नाव सांगू नका. दोन्ही नावं."

आणि वाईट याचं वाटतं, की तिच्याकडे दुसरे मार्ग होते. ते मी तिच्यापुढे नीट मांडलेच नव्हते. एका दिवसासाठी टॅटू झाकायचा असेल तर कॅमुफ्लाज मेकअप असतो. कोडाचे डाग झाकायला वापरतात तोच. पाण्यानं सहज जात नाही. चार महिन्यांत दोन सौम्य सेशन, वरून मेकअप आणि उरलेलं काम लग्नानंतर निवांत. एवढं पुरलं असतं.

तर तुमच्यापुढे ते सगळे मार्ग मांडते. एक, लेझर. वेळ लागतो, पण बहुतेकांसाठी हाच मुख्य मार्ग. दोन, शस्त्रक्रिया. टॅटू लहान असेल आणि जागा सैल कातडीची असेल, तर तो भाग कापून टाके घालतात. एका दिवसात शाई जाते, पण टाक्यांची रेघ राहते. ज्यांच्या अंगावर वण फुगतात, केलॉइड होतात, त्यांनी याचा दहा वेळा विचार करावा. तीन, कव्हर-अप. जुन्या टॅटूवर नवा. जॉनी डेप या नटानं 'विनोना फॉरेव्हर'मधली दोन अक्षरं घालवून 'वायनो फॉरेव्हर' करून घेतलं होतं. सगळ्यांना एवढं स्वस्तात सुटता येत नाही. कव्हर-अप नेहमी मूळ टॅटूपेक्षा मोठा आणि गडद होतो. दोन-तीन लेझर सेशन घेऊन जुना फिका केला, तर नव्या टॅटूवाल्याला बरं पडतं. चार, झाकणं. आणि पाच, राहू देणं. हाही एक मार्ग आहे. काही जण माझ्याकडे येतात, सगळं ऐकतात आणि म्हणतात, "मग असू दे." मी त्यांना चहा देते आणि फी घेत नाही.

माझ्या आजीनंही शेवटी तेच केलं. मी तिला म्हटलं, "तुला हवं असेल तर काढू. तुझा हात आहे." ती दोन दिवसांनी म्हणाली, "राहू दे. तू विचारलंस, झालं."

लेझर करायचं ठरवलंत, तर क्लिनिकमध्ये जाऊन चार प्रश्न विचारा. हे कोण करणार, त्वचेचा डॉक्टर की दुसरं कुणी? मशीन कोणतं, क्यू-स्विच्ड की पिको? केस काढायचं लेझर किंवा आयपीएल टॅटूवर चालवू देऊ नका, त्यानं भाजतं. माझ्यासारख्या सावळ्या कातडीवरचे आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवाल का? आणि आधी टेस्ट पॅच कराल का? "दोन सेशनमध्ये शंभर टक्के जाईल" असं कुणी म्हणालं, तर चपला घाला आणि निघा. पूर्ण जाईलच, असं प्रामाणिक डॉक्टर कधीच म्हणणार नाही. सावलीसारखं काही मागे राहू शकतं.

सेशननंतर फोड आला तर फोडू नका. खपली ओढू नका. मलम लावा, पट्टी ठेवा, ऊन टाळा, सनस्क्रीन लावा. गरोदर असाल तर बाळंतपणानंतर या. टॅटू कुठेही पळून जात नाही, हा त्याचा दोष आहे तसा गुणही आहे.

आणि ज्यांना अजून करायचाय, त्यांना मी नको म्हणणार नाही. डिझाइन कागदावर काढून कपाटाच्या दारावर चिकटवा. सहा महिने रोज बघा. तरीही हवंसं वाटलं तर करा. नवी सुई डोळ्यांसमोर फोडायला सांगा, शाईसुद्धा नव्या कपात. यात्रेत एकाच सुईनं पन्नास जणांना गोंदतात, त्यातून हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही पसरू शकतो. ती शाई घालवायला माझ्याकडे मशीन आहे. रक्तात गेलेला व्हायरस घालवायला नाही.

तो सिंहवाला मुलगा. त्याची ती भरती हुकली. जखम भरायला तीन महिने गेले, मगच लेझर सुरू करता आलं. वणाखालची शाई फार हळू जाते. सिंह आता बराच फिका झालाय, पण जळल्याचा वण राहणार. हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मध्यंतरी तो एका मित्राला घेऊन आला. मित्राच्या हातावर टॅटू होता आणि पिशवीत तसलीच बाटली. "मॅडम, याला सांगा," तो म्हणाला. मी काही बोलायच्या आधी त्यानंच शर्टाची बाही वर केली आणि मित्रापुढे आपला हात धरला.

ती बाटली आता माझ्या टेबलाच्या खणात आहे.